भोपळ्यांच्या खोलीतली चार वर्षं

आपल्याकडे नवीन जोडपं घरातून दुसरीकडे राहायला गेलं की ‘कुठं गेले?’ असं फारसं कुणी विचारत नाही. ‘वेगळे निघाले’ म्हणतात. या दोन शब्दांत सगळा निकाल लागलेला असतो. भांडण झालं असणार, सून तिखट असणार, पोरगा बायकोच्या मुठीत गेला असणार. १९९४ च्या जूनमध्ये आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातलं आमचं गाव सोडून मिरजेत भाड्याच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा हे दोन शब्द आमच्या आधीच सगळ्या नातेवाइकांत पोचले होते. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं मात्र पुढे पुष्कळदा वाटलं. भांडण निदान मिटवता येतं.

हे आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत. एक आठवतो, दुसरी लिहिते, कुणाचं खरं यावर थोडी हुज्जत होते आणि मग वाक्य ठरतं. त्या खोलीबद्दल एकट्यानं लिहिणं आमच्यापैकी कुणालाच जमणार नाही.

आमच्यातला मिरजेच्या एका छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे केसमधून एकेक उचलायचे, ओळ जुळवायची, प्रूफ काढायचं, चुका झाल्या की चिमट्यानं खिळे बदलायचे. पगार साडेआठशे रुपये. आठवडाभर छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचं आणि शनिवारी छोट्या गाडीनं गावी जायचं. मिरजेहून पंढरपूरकडे तेव्हा अरुंद रुळांची गाडी होती, जुन्या बार्शी लाइट रेल्वेची. ढालगावला उतरलं की पुढे पायी. लग्नानंतरही असंच चालणार, हे गृहीत होतं. सून गावी, मुलगा रविवारी. कितीतरी घरांत तसं चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आमच्यातलीची शाळा नववीत सुटली होती. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची दोन वर्षं ती शेजारच्या गावी चालत गेली, मग बरोबरच्या मुलींची लग्नं झाली, एकटीला कोण पाठवणार? लग्न मे महिन्यात झालं आणि त्याच आठवड्यात छापखान्यात एक पत्रक जुळवायला आलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालेलं. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांनाही वयाची अठरा वर्षं पूर्ण असतील तर पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पुढे बी.ए.ला बसता येईल, असं त्या पत्रकात होतं. खिळे उलटे वाचायची सवय असलेल्या माणसानं ते पत्रक दोनदा वाचलं, एकदा उलटं आणि एकदा सुलटं. मग एक प्रत खिशात घालून गावी आणली.

अब्बा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हाच आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. खांद्यावर पिंजण टाकून ते पंचक्रोशीतल्या गावांत फिरले होते. तोपर्यंत तालुक्याच्या गावात विजेवर चालणारी पिंजायची यंत्रं आली होती, पण अब्बांचं पिंजण सुटलं नव्हतं. पत्रकाचं ऐकून ते म्हणाले, “शिकू दे की. इथं राहून शिकू दे.” इथं म्हणजे अकरा माणसांच्या घरात, एका बल्बखाली. अभ्यासकेंद्र दोन तासांवर, रविवारच्या रविवारी जायचं. ते जमणार नाही, आम्ही मिरजेत खोली बघतो, असं सांगितल्यावर ते रागावले नाहीत. फक्त त्या विषयावर बोलायचे थांबले. आम्ही निघालो त्या सकाळी ते अंगणात पिंजत बसले होते. आम्ही सलाम केला. त्यांनी मान हलवली. पिंजणाचा आवाज काही थांबला नाही.

भाड्याच्या खोलीचा शोध हा एक वेगळाच धडा होता. नोकरीची चौकशी झाली, माणसं किती ते विचारून झालं, की शेवटी नाव विचारायचे. नाव सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली ‘कालच गेली’ होती. बाकीच्यांची भीती निराळी होती. त्या वेळी १९४७ चा जुना भाडे कायदा लागू होता. भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही, अशी मालकांची समजूत. म्हणून अकरा महिन्यांचा कागद, आणि त्यावर तोंडी अट: या पत्त्यावर रेशनकार्ड काढायचं नाही. कार्ड म्हणजे राहत असल्याचा पुरावा. पण कार्ड नाही म्हणजे रॉकेल नाही, आणि रॉकेल नाही म्हणजे स्टो नाही. गॅससाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. स्वयंपाक कशावर करायचा याचं उत्तर मालकांकडे नव्हतं.

शेवटी खोली मिळाली ती दर्ग्यापासून जवळ, सतारी बनवणाऱ्यांच्या वस्तीत. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, हे ठाऊक असलेल्यांनाही त्या वाद्यांचा भोपळा कुठून येतो ते बहुधा ठाऊक नसतं. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो, वेलावरच पक्का होतो, मग उन्हात वाळवतात. आमची घरमालकीण एका वाद्य कारागिराची विधवा होती. सगळे तिला खाला म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. तिची एक खोली भोपळे ठेवायची होती. दहा बाय बाराची, वर लाकडी माळा. खाला म्हणाली, “भाडं दीडशे. पण माळ्यावरचे भोपळे हलायचे नाहीत. उंदीर आला तर तुम्ही बघायचं. आणि चूल पेटवायची नाही, धुरानं माल काळा पडतो.” रेशनकार्डाचं भीत भीत विचारलं, तेव्हा तिनं पोराकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि खाली अंगठा उठवला. आमच्या संसाराचा पहिला दस्तऐवज तो. निकाहनाम्याच्या घडीत आम्ही तो अजून जपून ठेवला आहे.

सामान किती होतं, ते सांगायला एक ओळ पुरेल. एक वातीचा स्टो, एक हंडा, एक कळशी, दोन ताटं, तीन पातेली, काथवट, तवा, एक पत्र्याची ट्रंक आणि एक चटई. भांड्यांवर नावं घातलेली होती, ‘मामूंकडून सप्रेम भेट’ अशी. गाद्या भरणाऱ्याच्या घरातलं नवं जोडपं चटईवर झोपत होतं. गावी लग्नासाठी गादीपाट आणून ठेवला होता, कापूसही होता, पण गादी भरायची राहून गेली होती. आम्ही मागितली नाही आणि तिकडून कुणी तिचं नाव काढलं नाही.

आता लोक साध्या राहणीचं फार कौतुक करतात. त्या दिवसांबद्दल बोलताना आमचेही काही मित्र म्हणतात, कमी सामानात किती सुख होतं! आम्हाला तसं म्हणवत नाही. महिन्याच्या वीस तारखेनंतर चहात दूध नसायचं, यात सुख कसलं? साधेपणा आम्ही निवडला नव्हता. अभ्यास निवडला होता, साधेपणा त्याच्या पाठोपाठ आपोआप आला. विद्यापीठाची फी, सांगलीच्या बसचं भाडं, आणि गावी पाठवायचे शंभर रुपये, एवढं बाजूला काढल्यावर जे उरेल त्यात घर चालायचं. ते शंभर रुपये आम्ही एकदाही चुकवले नाहीत. वेगळे निघालो नाही हे सांगायला आमच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

वह्यांना पैसे पडत नव्हते. छापखान्यात प्रुफांचा ढीग पडायचा. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा कागद. लग्नसराईत तर रोज नवा गठ्ठा. मालकांना विचारून ते कागद घरी यायचे, दाभणानं भोक पाडून दोऱ्यानं शिवले की वही तयार. त्यातल्या दोन अजून आहेत. एका बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, पाठीमागे १९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीची टिपणं: ग्रामसभा, महिलांना एक तृतीयांश जागा, दर पाच वर्षांनी निवडणूक. कुणाच्या तरी हळदीचा मुहूर्त आणि त्यामागे पंचायत राज.

संध्याकाळी जेवण झालं की चाळीसच्या बल्बखाली आम्ही समोरासमोर बसायचो. एक पुस्तक. तिच्याकडून सुलटं, त्याच्याकडून उलटं. जुळाऱ्याला उलट्याचं काय? तो समोरून उलटा मजकूर वाचत प्रश्न विचारायचा आणि ती उत्तरं द्यायची. पहिले काही दिवस ती चिडायची, की हा पुस्तक न फिरवता वाचतो कसा. नंतर तिलाही उलटं वाचता यायला लागलं. विद्यापीठाची पुस्तकं चांगली होती, शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली. प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वतःची परीक्षा स्वतः घ्यायचे प्रश्न असत.

करमणूक फुकट होती. दिवसभर वस्तीत कुठे ना कुठे तारा जुळवणं चालू असायचं. एकच सूर पुन्हा पुन्हा, कारागिराचं समाधान होईपर्यंत. त्याचा अभ्यासाला त्रास होईल असं वाटलं होतं. उलट सुट्टीच्या दिवशी तो आवाज नसला की चुकल्यासारखं व्हायचं. उर्साच्या दिवसांत ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली, रात्र रात्र गाणं चालायचं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्यात आहे, आणि मोठमोठे कलावंत तिथं बिदागीची अपेक्षा न ठेवता हजेरी लावतात. याच उर्सात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान असतो. आम्हाला रागातलं काही कळत नव्हतं. चटई घेऊन जायचो, मागं बसायचो. झोप आली की चटई होतीच.

खोलीत आल्यापासून चार महिने गावाहून कुणी आलं नाही. आम्ही महिन्यातून एक रविवार जायचो. अम्मी बोलायची, भावंडं बोलायची. अब्बा ‘बरं आहे ना’ एवढंच विचारायचे आणि उत्तराआधी कामाला लागायचे. मग दिवाळीच्या सुमारास गावचा एक माणूस मिरजेच्या बाजारला आला आणि ज्वारीची एक पिशवी ठेवून गेला. “तुमच्या आईनं दिलीय. म्हाताऱ्याला सांगू नका म्हणाली.” पायलीभर ज्वारी, आत वेगळ्या फडक्यात तूरडाळ. आम्ही पिशवीचं तोंड उसवायला बसलो आणि थांबलो. तोंड दाभणानं शिवलेलं होतं. दोन बोटांच्या अंतरावर एकसारखा टाका, शेवटी दोरा दोनदा फिरवून आत ओढलेली गाठ. हा टाका गादीचा होता. अम्मीला तो येत नाही. आमच्या घरात तो एकाच हाताला येतो.

दर महिन्याला पिशवी येत राहिली. दर वेळी निरोप तोच, म्हाताऱ्याला सांगू नका. दर वेळी टाकाही तोच. अब्बांना ठाऊक आहे हे अम्मीला ठाऊक होतं का, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. तो दोरा आम्ही कापत नव्हतो. हळूच उसवून गुंडाळून ठेवायचो. पुढच्या वह्या त्याच दोऱ्यानं शिवल्या.

जानेवारीत थंडी पडली. एका रविवारी दुपारी, ती अभ्यासकेंद्रावर गेलेली असताना, अब्बा दारात उभे. खांद्यावर पिंजण, हातात गादीपाटाची गुंडाळी, मागं हमालाच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं. छोट्या गाडीत पिंजण मावत नाही म्हणून तिकीट तपासनीसाशी झालेली बाचाबाची त्यांनी आधी सविस्तर सांगितली. मग खोलीत नजर फिरवली. माळ्यावरचे भोपळे बघितले. भिंतीला लावलेली चटई बघितली. म्हणाले, “बेटी कुठं आहे?” तिच्याबद्दल त्यांनी केलेली ही पहिली चौकशी. केंद्रावर गेलीय म्हटल्यावर “रोज जाते?” “फक्त रविवारी.” त्यावर ते काही बोलले नाहीत. अंगण झाडून घेतलं, फडकं अंथरलं आणि पिंजायला बसले.

पिंजणाच्या धनुष्याला तात ताणलेली असते. लाकडी मुठीनं ती छेडली की थरथरते आणि तिच्या थरथरीनं कापसाच्या गाठी सुटतात, कचरा खाली गळतो, कापूस फुलतो. तो आवाज वस्तीत कुणी ऐकला नव्हता. शेजारचे म्हातारे कारागीर हातातलं काम टाकून बाहेर आले. थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, “तात उतरलीय. थोडी चढवा.” अब्बांनी वर बघितलं. आयुष्यभर पिंजणाला हात लावू न देणाऱ्या माणसानं ते त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्यांनी तात पिळून चढवली, बोटानं छेडली, पुन्हा पिळली. अब्बांनी मूठ मारली आणि हसले.

ती संध्याकाळी परतली तेव्हा अंगणभर कापूस होता आणि खालाच्या केसांतही. अब्बांचे टाके चालू होते. तिनं सलाम केला. अब्बांनी दाभण थांबवलं, बाजूला सरकून जागा केली आणि तिच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, “काय शिकवलं आज?” तिनं सांगितलं. त्यांना त्यातलं किती समजलं माहीत नाही. ते ऐकत होते आणि टाके घालत होते. अंधार पडला तेव्हा आम्ही बल्ब तारेसकट दारापर्यंत ओढून आणला. जाताना त्यांनी फक्त एक सांगितलं, “दोन-तीन वर्षांनी कापूस दबतो. तेव्हा कळवा. मी येऊन पुन्हा पिंजून देईन.”

१९९५ ची रमजान ईद मार्चच्या सुरुवातीला होती. आम्ही गावी गेलो. अब्बांनी पाहुण्यांना सुनेची ओळख करून देताना म्हटलं, “मिरजेला असते. शिकते.” वेगळे निघाले, हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही आधीही ऐकले नव्हते. पण ते नाकारणारं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पूर्वतयारी झाली, मग बी.ए.ची तीन वर्षं. १९९८ साली निकाल लागला आणि त्याच वर्षी ती खोली सुटली, कारण खालाच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्यालाही पहिलं घर हवं होतं. आमच्यातली पुढे एका शाळेच्या ग्रंथालयात लागली. छापखान्यातले खिळे वजनावर विकले गेले, आमच्यातला संगणकावर श्रीलिपी आणि पेजमेकर शिकला आणि टिकला. उलटं वाचायची विद्या मात्र निकामी झाली. ती अजून अधूनमधून जेवताना समोरच्याचं वर्तमानपत्र वाचायला उपयोगी पडते.

अब्बांनी ती गादी आणखी चार वेळा पिंजून दिली. २००७ साली ते गेले. नंतर एकदा आम्ही ती यंत्रावर पिंजायला नेली, तर दुकानदार म्हणाला, “कापूस जुना झालाय, यापेक्षा फोमची घ्या.” कापूस जुना झालाय, हे खरंच होतं. पण फोम एकदा बसला की बसला, त्याला पुन्हा फुलवता येत नाही. कापसाचं तसं नसतं. दबतो, गाठी धरतो, पण कुणी बसून पिंजला तर पुन्हा उठतो. बसायला माणूस हवा. आम्ही ती पिंजून घेऊन आलो.

आमची मुलगी आता पुण्यात असते. लग्न झालं, दोघांनी भाड्यानं घर घेतलं. आता करारनामा नोंदवावा लागतो, अनामत पुष्कळ द्यावी लागते, अकरा महिने मात्र तसेच राहिले आहेत. नाव ऐकल्यावर त्यांनाही काही खोल्या ‘कालच गेल्या’. एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी आम्हाला विचारलं, “काय, लेक-जावई वेगळे निघाले म्हणे?”

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, “नाही हो, पुण्याला राहायला गेलेत.”

पुढच्या महिन्यात आम्ही जाणार आहोत. ज्वारी दळून न्यायची की तशीच न्यायची, यावर सध्या आमची हुज्जत चालू आहे. पिशवी शिवायची कुणी, हे ठरलेलं आहे. तो टाका आम्ही दोघंही शिकून घेतला आहे.